ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना साथीच्या काळातली सरकारी मदत: अडते कुठे, आणि गाडी निघण्याआधी गावात काय करावे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावातून दसरा झाला की साठ-सत्तर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतात. निम्मे सांगली-कोल्हापूरकडे, काही सोलापूरला, काही कर्नाटकात. बहुतेकांच्या नावावर एक-दोन एकर जिरायत आहे, म्हणजे मजूरही तेच आणि शेतकरीही तेच. पुन्हा कोविडसारखी साथ आलीच तर हाताशी असावं म्हणून ग्रामपंचायत एक टिपण करते आहे.

२०२०-२१ मध्ये जाहीर खूप झालं होतं: मोफत धान्य, खात्यात पैसे, रोहयोची (रोजगार हमी योजनेची) कामं, कर्जाला मुदतवाढ. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) अडकलेल्यांपर्यंत त्यातलं थोडंच गेलं. योजनांची यादी नको, ती कुठेही मिळते. नेमकं कुठे अडलं, का अडलं, आणि गाडी निघायच्या आधी गावातच काय उरकता येईल, एवढं जाणकारांनी सांगावं.

सज्जा_क्र_४

तुमच्या प्रश्नाचं मूळ एका वाक्यात येतं: माणूस उसाच्या फडात आणि कागद गावात. जवळजवळ प्रत्येक मदत कुठल्या तरी नोंदीवरून निघते. ती नोंद गावाला, दुकानाला, खात्याला नाहीतर सातबाऱ्याला बांधलेली असते, आणि माणूस तिच्यापासून तीनशे किलोमीटरवर.

धान्यापासून सुरू करू. एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत होतं, नेहमीच्या कोट्याच्या वर. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला नेहमीचे २५ आणि मोफतचे २५, असे ५० किलो बसतात. अंत्योदय असेल तर कार्डामागे ३५ आणि माणशी ५ प्रमाणे २५, म्हणजे ६०. मोफत धान्याची पावती दुकानातल्या ई-पॉस मशीनवर वेगळी निघायची. एकच पावती घेऊन परतणारा अर्ध्यावर फसायचा, आणि पावती न मागणाऱ्याला ते कळायचंही नाही.

हे धान्य फडाजवळच्या दुकानात मिळू शकत होतं. राज्यांतर्गत पोर्टेबिलिटी (दुसऱ्या गावच्या दुकानातून धान्य घ्यायची सोय) होती आणि १ जानेवारी २०२० पासून बारा राज्यांत 'एक देश एक रेशनकार्ड' सुरू झालं होतं, त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते. तरी तीन ठिकाणी गाडं अडायचं.

पहिलं म्हणजे कार्डाचा रंग. पोर्टेबिलिटी फक्त अन्न सुरक्षा कायद्यातल्या कार्डांना, म्हणजे अंत्योदय आणि प्राधान्य. केशरी कार्ड असूनही प्राधान्यात नाव नसेल तर बाहेरगावच्या मशीनवर काहीच दिसत नाही. अशा केशरीवाल्यांना मे-जून २०२० मध्ये राज्याने माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला, पण तो गावच्या दुकानात. ग्रामीण भागात प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार. मर्यादेत बसत असूनही नाव नसेल तर तालुक्याचा इष्टांक (लाभार्थ्यांची ठरलेली संख्या) भरलेला असतो. म्हणून मयत, लग्न होऊन गेलेल्या मुली आणि दुबार नावं ग्रामसभेत कमी करून घ्या, तरच जागा सुटते. हे काम पावसाळ्यातच करायचं. ऑक्टोबरमध्ये पुरवठा शाखेत गेलात तर हंगाम संपेपर्यंत निकाल लागत नाही.

दुसरं, आधार. कार्डावरच्या ज्या माणसाचं आधार जोडलेलं आहे तोच बाहेर धान्य उचलू शकतो. आणि नेमकं ते आजीचं जोडलेलं असतं, जी गावात राहते. नवरा-बायको दोघांचंही जोडून घ्या. हिश्श्याने उचल करता येते हे फार जणांना माहीत नाही. फडावरच्या तिघांचं तिकडे आणि म्हातारा-म्हातारीचं गावात, असं चालतं. मात्र पहिल्याने सगळं उचललं की त्या महिन्यापुरतं दुसऱ्यासाठी काही उरत नाही, हे घरात आधी ठरवून ठेवावं.

तिसरं, दुकानातला माल. दुकानाला नियतन (धान्याचा ठरलेला कोटा) मिळतं ते त्या दुकानाला जोडलेल्या कार्डांवर. फडाशेजारच्या दुकानावर एकदम दोनशे कुटुंबं आली की दुकानदार "शिल्लक नाही" म्हणतो, आणि बरेचदा ते खरंच असतं. वाढीव माल पुरवठा निरीक्षकामार्फत मागवता येतो, पण मागणी आधी गेलेली हवी. टोळी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मुकादमाने (टोळी नेणाऱ्याने) किंवा कारखान्याच्या गट ऑफिसने कार्डांचे बारा अंकी नंबर त्या दुकानदाराला आणि तहसीलच्या पुरवठा शाखेला लिहून द्यावेत. तक्रारीसाठी १९६७ किंवा १८००-२२-४९५०.

जाता जाता: कोयता चालवणाऱ्याच्या बोटांवर रेषा राहत नाहीत, अंगठा लागत नाही. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं. म्हणून आधारमधला नंबर रिचार्ज संपून बंद पडलेला नाही ना, हे निघण्याआधी बघाच.

मॅपर

वरच्या सगळ्याला दुजोरा. पैशांचं मी लिहितो, कारण "आले नाहीत" असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे पैसे आलेले असतात, फक्त दुसरीकडे.

खात्याला आधार 'लिंक' असणं आणि 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे बँकेने केवायसीला आधार घेतलं. सीडिंग म्हणजे एनपीसीआय या बँकांमधले पैसे फिरवणाऱ्या संस्थेच्या मॅपरवर "या आधारचे सरकारी पैसे या बँकेत पाठवा" अशी नोंद. मॅपरवर एका वेळी एकच बँक असते, आणि शेवटची जी नोंद झाली ती चालते. सिमकार्ड घेताना कोणी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं आणि संमतीवर अंगठा घेतला, की जुनी जिल्हा बँक मागे पडते. लाभार्थी मात्र जुनंच पासबुक भरून आणतो. मोबाईलवर *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकला की कोणती बँक लागली आहे ते दिसतं. माय-आधारच्या साइटवरही 'बँक सीडिंग स्टेटस' आहे, पण तिथे ओटीपी लागतो. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्या, आणि आठवड्याने पुन्हा तपासा. शिपायाने "झालं" म्हटलं यावर थांबू नका.

सगळेच पैसे आधारवरून येत नाहीत, इथे दुसरा घोळ होतो. एप्रिल ते जून २०२० मध्ये महिलांना दरमहा ५०० रुपये मिळाले ते फक्त जनधन खात्यांत. बाईचं शून्य शिलकीचं साधं बचत खातं असेल तर ती यादीत नव्हती. गर्दी नको म्हणून काढायचे दिवस खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून ठरवले होते: ३ एप्रिलला ० आणि १, ४ ला २ आणि ३, ७ ला ४ आणि ५, ८ ला ६ आणि ७, ९ ला ८ आणि ९. त्यानंतर कधीही काढता येत होते. तरी "आज काढले नाहीत तर परत जातील" अशी अफवा उठली आणि बँकांपुढे रांगा लागल्या. पुढच्या वेळी गावात दवंडी द्यायचीच झाली तर पहिली याची द्या.

पीएम किसानचं बघा. वर्षाचे ६,००० तीन हप्त्यांत, त्यातला २,००० चा हप्ता एप्रिल २०२० मध्ये लवकर सोडला. अडकलेल्यांनी 'बेनिफिशियरी स्टेटस' वाचायला शिकावं. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' दिसलं तर राज्याने मागणीवर सही केली आहे, थांबा. 'एफटीओ इज जनरेटेड' म्हणजे पैसे सोडायचा आदेश निघाला. त्यानंतरही आले नाहीत तर मॅपर नाहीतर खातं बघा. नोंदीतच खोट असेल तर ती बहुधा नावात असते: आधारवर 'ज्ञानदेव', सातबाऱ्यावर 'ज्ञानोबा', पासबुकात 'ज्ञानू'. बाप वारल्यावर फेरफार न झालेली जमीन हा सगळ्यात मोठा खड्डा. योजनेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही जमीन नावावर असण्याची तारीख धरली आहे, त्यानंतर वारसाने आलेली जमीन चालते, पण वारस नोंद तर हवी. बटईने किंवा खंडाने करणाऱ्याला यातला एक रुपयाही नाही, कारण सातबाऱ्यावर तो कुठेच नाही.

गोदाकाठ

'ज्ञानदेव-ज्ञानोबा-ज्ञानू' आमच्याकडे घरटी सापडतील! दोन उपप्रश्न. (१) बांधकामावर गेलेल्यांना २०२० मध्ये थेट पैसे मिळाले, ऊसतोडवाल्यांना नाहीत. असं का? (२) कर्नाटकात गेलेल्यांचं काय वेगळं?

फडकरी

पहिल्याचं उत्तर कडू आहे पण सरळ आहे. बांधकाम कामगारांचं मंडळ होतं, मंडळाकडे उपकराचा पैसा होता आणि नोंदीत माणसांचे खाते क्रमांक होते. म्हणून एप्रिल २०२० मध्ये २,०००, पुढे ३,००० आणि २०२१ च्या निर्बंधात १,५०० रुपये थेट खात्यात टाकता आले. ऊसतोड कामगाराची तेव्हा सरकारदरबारी यादीच नव्हती. जी होती ती कारखान्याच्या करारात, आणि करार मुकादमाच्या किंवा वाहतूकदाराच्या नावाने. त्यात तोडणाऱ्याचं नाव नसतं, नुसता कोयत्यांचा आकडा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. म्हणजे बाई तर आकड्यातही अर्धीच.

नंतर लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं काम सुरू झालं. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने, अशी निधीची रचना आहे. नोंदणी आणि ओळखपत्र ग्रामसेवकामार्फत. तुमच्या टिपणात हे पहिल्या पानावर घ्या, आणि नवरा-बायकोची नोंद वेगवेगळी करा. पुढच्या साथीत मदत जाहीर झालीच तर ती याच यादीवरून निघेल. यादीत कोयता एकच दिसला तर पैसेही एकाच खात्यात येतील.

जे उन्हाळ्यात-पावसाळ्यात खरोखर बांधकामावर जातात त्यांनी बांधकाम मंडळाचीही नोंद करावी. अट वर्षात ९० दिवस काम आणि वय १८ ते ६०. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. नूतनीकरण चुकलं की नोंद मेली समजा, पैसे जिवंत नोंदीलाच गेले. खोटे दाखले मात्र काढू नका, तपासणीत खऱ्यांचीही नावं अडकतात.

कर्नाटकाचं. राज्यातल्या राज्यात ऊसतोड कामगारांना घरी जायला १७ एप्रिल २०२० ला परवानगी मिळाली: कारखान्याने आरोग्य तपासणी करायची, यादी करायची आणि गावापर्यंत पोचवायचं. राज्याबाहेरच्यांना २९ एप्रिलच्या केंद्राच्या आदेशापर्यंत वाट पाहावी लागली, कारण दोन्ही राज्यांची संमती, नोडल अधिकारी, तपासणी आणि बस असा तो रस्ता होता. दोन्हीकडे अडकण्याचं कारण एकच, यादी. मुकादम सांगतो "वीस कोयते". गाडीत असतात चाळीस मोठी माणसं, पंचवीस पोरं, दोन म्हाताऱ्या आणि एखादी बाळंतीण. परवानगीत नावं कमी आणि गाडीत माणसं जास्त, की नाक्यावर थांबलेच. त्यामुळे माणसागणिक यादी दोन प्रतींत निघतानाच करा. एक ग्रामपंचायतीत, एक मुकादमाच्या खिशात.

कर्नाटकात धान्य घेताना केंद्राच्या कोट्याचंच मिळतं, त्या राज्याने स्वतःकडून वर काही दिलं तर ते आपल्या कार्डाला नाही. शिवाय तिकडे वाटपात जे असेल ते, गहूच हवा असा हट्ट चालत नाही.

आणखी एक, कोणी फारसं बोललं नाही ते. उज्ज्वला गॅस योजनेचे तीन सिलिंडर मोफत होते, एप्रिल-जून २०२०. सिलिंडरचे पैसे आधी खात्यात येणार, त्यातून भरून घ्यायचा, मग पुढचे पैसे. शेगडी गावात कुलूपबंद आणि चूल कोपीपुढे. पहिलाच भरला नाही म्हणून पुढचे आलेच नाहीत. ज्यांच्या खात्यात पैसे पडून होते त्यांना सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवली होती, पण परत आलेल्यांना ते सांगणारं कोणी नव्हतं.

हजेरीपट

रोहयोबद्दल सगळेच गप्प, म्हणून लिहितो. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात मजुरी २०६ वरून २३८ झाली होती आणि मे महिन्यात केंद्राने योजनेला ४० हजार कोटी वाढीव दिले. एप्रिल-मेमध्ये परत आलेल्यांना हाताला काम द्यायला पैसा होता. तरी कामं निघाली नाहीत अशी गावं बरीच. कारण मागणी कागदावर आली नाही. रोजगार सेवकाला पारावर "काम द्या" म्हणणं ही मागणी नव्हे. नमुना ४ (काम मागणीचा अर्ज) भरायचा आणि तारखेची पोच घ्यायची. पोच मिळाली की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता: पहिले तीस दिवस मजुरीच्या एक चतुर्थांश, पुढे निम्मा. पाच किलोमीटरच्या पुढे काम दिलं तर दहा टक्के जास्त. यंत्रणा तोंडी मागणीवर खूश असते, कारण तिच्यावर भत्ता बसत नाही.

जॉबकार्ड असलं तरी सून त्यात नसते, वेगळा झालेला मुलगा बापाच्याच कार्डावर असतो, म्हणजे एकाच कार्डाच्या दिवसांत दोन चुली. हे जूनच्या आत दुरुस्त करा. आणि मंजूर कामं शेल्फवर (आधीच तयार यादीत) ठेवायला लावा: बांधबंदिस्ती, शोषखड्डे, रोपवाटिका, जिथे माणसं अंतर ठेवून काम करू शकतात. एकाच तलावावर दीडशे माणसं लावायची तर साथीत तेच काम पहिलं बंद होतं.

पाटीलबुवा

पोच देत नाहीत हो. सगळं पुस्तकात छान आहे.

हजेरीपट

देत नाहीत, मान्य. मग अर्ज पंचायत समितीत आवक-जावक बारनिशीला टाका, किंवा पोस्टाने रजिस्टर करा. वीस जणांचा एकत्र अर्ज सहसा दाबला जात नाही. एकट्याचा दाबला जातो.

खरीप_रब्बी

शेतकरी म्हणून यांच्या वाट्याला काय, ते कोणी लिहिलं नाही.

रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मे २०२० आणि नंतर ३१ ऑगस्टपर्यंत हप्त्यांना स्थगिती दिली, पीककर्ज त्यात होतं. 'स्थगिती' हा शब्द गावात 'माफी' म्हणून ऐकला गेला. व्याज चालूच होतं. ७ टक्क्यांनी लाखाला सहा महिन्यांचे साडेतीन हजार रुपये होतात, ते कुठे जात नाहीत. पीककर्जात दिलासा असा की, ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडणाऱ्याला ३ टक्के सूट मिळून व्याज ४ टक्क्यांवर येतं, आणि ती सूट ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत भरणाऱ्यांना कायम ठेवली होती. हे माहीत असलेल्याने भरलं, न माहीत असलेल्याचे ३ टक्के गेले. पुढच्या वेळी बँकेत प्रश्न एकच विचारायचा: "स्थगितीच्या काळात सवलतीची मुदतही वाढली आहे का?" उत्तर लेखी परिपत्रकात दाखवायला सांगा.

महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्तीचंही तसंच. यादीत नाव होतं पण टाळेबंदीत आधार प्रमाणीकरण थांबलं, पैसे बँकेत आले नाहीत, आणि थकबाकीदार म्हणून खरिपाला नवं कर्ज नाही. मे २०२० मध्ये सरकारने बँकांना सांगितलं की ही रक्कम 'शासनाकडून येणे' दाखवा आणि नवं कर्ज द्या. बऱ्याच शाखांनी आदेश पाहिलाच नव्हता. आदेशाची छापील प्रत घेऊन जाणाऱ्याचं काम झालं.

विक्रीचं थोडक्यात. शेतीची कामं, खत-बियाण्यांची दुकानं आणि बाजार समित्यांना २७ मार्च २०२० च्या सुधारणेने सूट होती, अडचण वाहनाची आणि हमालांची होती. तूर-हरभऱ्याच्या हमीभाव केंद्रावर नोंदणीला सातबाऱ्यावर पीकपेरा लागतो. मालक फडात असेल तर पीकपाहणी लागतच नाही आणि हमीभावाची तूर (तेव्हा ५,८०० रुपये क्विंटल) व्यापाऱ्याला मागेल त्या भावाने जाते. घरातल्या मागे राहणाऱ्या माणसाला पीकपाहणी, केंद्रावरची नोंदणी आणि मालाचा ओलावा (१२ टक्क्यांच्या आत हवा) एवढं शिकवून जा.

फडकरी

मृत्यूच्या मदतीचं राहिलं. कोविड मृत्यूला राज्य आपत्ती निधीतून ५० हजार मिळाले, तपासणीपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू धरला गेला, मग तो घरी झालेला का असेना. त्यामुळे तपासणीचा कागद जपायचा. फडाजवळच्या तालुक्यात तपासणी आणि मृत्यू गावात, असं असेल तर दोन्हीकडचे कागद लागतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत आजाराने झालेला मृत्यू बसत नाही, तिथे अर्ज करून महिने घालवू नका. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभमधून २० हजार आणि विधवेला संजय गांधी निराधारचा अर्ज. दोन्ही तहसीलच्या एकाच शाखेत.

गोदाकाठ

मंडळी, मनापासून आभार. कुटुंबागणिक एक पान करतो आहे: माणसांची नावं आणि वय, रेशनकार्डाचा नंबर आणि प्रकार, आधार कोणाकोणाचं जोडलेलं, मॅपरवरची बँक, जॉबकार्ड, महामंडळाची नोंद, जमीन कोणाच्या नावावर, मुकादम आणि कारखाना, मागे कोण राहणार. सोबत सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स ग्रामपंचायतीत जमा करून ठेवाव्यात का?

मॅपर

झेरॉक्सचा गठ्ठा अजिबात नको. कपाटातून एक प्रत बाहेर गेली की तिच्यावर कोणीही सिम काढतो, आणि मग मॅपरचा तोच गोंधळ. पानावर आधारचे आणि खात्याचे शेवटचे चार-चार अंक पुरे आहेत. झेरॉक्स ज्याची त्याच्याकडे, प्लास्टिकच्या पिशवीत. कोपीत पाणी शिरतं.

सज्जा_क्र_४

आणि पानावर एक रकाना वाढवा: 'नाव तिन्ही कागदांवर सारखं आहे का, हो/नाही'. जिथे 'नाही' येईल ती कुटुंबं आधी उचला. आधारवरच्या नावाच्या दुरुस्तीला आणि फेरफाराला वेळ जातो, श्रावणात सुरू केलं तर दसऱ्यापर्यंत हातात येईल.